उसाच्या बेण्याइतकीच घेवड्याच्या बियाण्याची चौकशी करा



उसाच्या जातीविषयी आपल्या कार्यक्षेत्रात कुणालाही विचारा, उत्तर तोंडावर तयार असते. टपरीवर चहा पीत बसलेला विशीतला पोरगासुद्धा सांगेल की को ८६०३२ चा खोडवा चांगला आणि साखरही चांगली, ०२६५ ला टनेज भारी आणि ती क्षारपड रानातही तग धरते. बेणे कुणाच्या मळ्यातले, किती महिन्यांचे, प्रक्रिया केलेले की नाही, याची चौकशी केल्याशिवाय आपण कोयता लावत नाही. ही जाण एका दिवसात आलेली नाही. कारखान्याचा शेती विभाग, पाडेगावचे संशोधन केंद्र आणि आपला स्वतःचा नफा-तोटा, या तिघांनी मिळून ती पन्नास-साठ वर्षांत घडवली.

आता दुसरा प्रश्न विचारा. त्याच उसाच्या वरंब्यावर टोकलेला घेवडा कोणत्या जातीचा? उत्तर येते, "गावठी आहे." नाहीतर, "बाजारातनं आणलाय, चांगला दिसला म्हणून." म्हणजे ज्या पिकाचे पैसे उसाच्या बिलाआधी हातात पडतात, जे पीक आपल्या ताटात येते, त्याच्या बियाण्याची ओळखच आपल्याला नाही. हे योग्य नाही, आणि ते बदलण्याचे काम आपणच हाती घेतले पाहिजे, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

घेवडा म्हणजे नेमका कोणता?

आधी नावाचा घोळ मिटवू. वाल आणि पावटा ही वेगळी पिके आहेत. श्रावण घेवडा, फरसबी, राजमा आणि कोरेगाव तालुक्यातला प्रसिद्ध वाघ्या घेवडा ही मात्र एकाच पिकाची रूपे आहेत. कोवळी शेंग तोडली तर भाजी, दाणा वाळवला तर कडधान्य. शास्त्रज्ञ या सगळ्यांना एकच जात मानतात.

हे पीक मूळचे आपले नाही. ते अमेरिका खंडातले. तिथे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांनी रानघेवडा स्वतंत्रपणे माणसाळवला: एक मेक्सिकोच्या बाजूला आणि दुसरा दक्षिणेत अँडीज पर्वताच्या अंगाला. म्हणून आजही या पिकाची दोन घराणी आहेत. मेक्सिकोकडचा दाणा सहसा बारीक, अँडीजकडचा मोठा. कोलंबसानंतर युरोपियन व्यापाऱ्यांबरोबर हे बी जगभर फिरले आणि आपल्याकडेही आले. इथल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या चांगली शेंग बाजूला काढून, राखेत घोळवून, पुढच्या पावसाला पेरून त्याला आपलेसे केले. ज्याला आपण "गावठी" म्हणून हिणवतो, त्याच्यामागे इतक्या माणसांची निवड आहे. ती निवड म्हणजेच वाणसुधारणेची पहिली पायरी होय.

उसाने काय शिकवले?

वाणसुधारणा म्हणजे काय हे ऊसवाल्याला समजावून सांगण्याची गरज नाही, आपण तिचेच खातो. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले. तिथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड, गोड उसाचा संकर रानटी कांस गवताशी घडवून आणला. हे गवत म्हणजे उसाचाच रानातला भाऊबंद. साखर नाममात्र, पण अंगात काटकपणा भरपूर. त्यातून १९१८ साली को २०५ ही जात बाहेर पडली. तेव्हापासून "को" म्हणजे कोइमतूर हे अक्षर आपल्या बोलण्यात आले. गोडी एकाची, काटकपणा दुसऱ्याचा, आणि मग शेकडो रोपांतून निवड, हाच तो मार्ग.

घेवड्यातही मार्ग हाच आहे, पण एक मोठा फरक आहे आणि तो प्रत्येक सभासदाने ध्यानात घ्यावा. ऊस आपण कांडीने लावतो. घेवडा बियाने येतो, आणि त्याचे फूल स्वतःच स्वतःला फळवते. कळी उमलते त्याच्या सुमारासच आतले परागकण स्त्रीकेसरावर पडलेले असतात. मधमाशीची फारशी वाट पाहावी लागत नाही. म्हणून घेवड्याची शुद्ध ओळ एकदा तयार झाली की बाप तसा बेटा. तुम्ही घरचे बी वर्षानुवर्षे पेरा, जात सहसा बिघडत नाही. बिघडते ते रोगट बियामुळे आणि खळ्यावरच्या भेसळीमुळे.

संकर करायचा तर माणसाला हाताने करावा लागतो. उद्या उमलणारी कळी आज बारीक चिमट्याने उघडायची, तिचे पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या जातीचे पराग आणून लावायचे. फार नाजूक काम. साधली तर एक शेंग, तिच्यात मूठभरही नाही, चार-पाच दाणे. ते दाणे पेरले की पहिली पिढी सारखीच दिसते. दुसऱ्या पिढीत मात्र प्रत्येक झाड वेगळे निघते. कुणी बुटके, कुणी वेलावलेले, कुणाला तांबेरा, कुणी निरोगी. त्यातून निवडत निवडत पाचव्या-सहाव्या पिढीपर्यंत गेले की ओळ स्थिर होते. त्यानंतर ठिकठिकाणच्या चाचण्या. सगळा हिशेब धरला तर आठ-दहा वर्षे सहज जातात.

आता व्यवहाराचा मुद्दा बघा. जे बी शेतकरी एकदा नेऊन कायम घरी राखू शकतो, ते विकण्यात खाजगी कंपनीला रस किती असणार? संकरित मक्याचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते, म्हणून तिथे कंपन्यांची रांग लागते. वाळलेल्या दाण्याच्या घेवड्यात तशी रांग लागत नाही. म्हणून या पिकाची सुधारणा सरकारी संशोधन केंद्र, विद्यापीठ किंवा शेतकऱ्यांची स्वतःची संघटना, यांच्यापैकीच कुणीतरी करायची. आपण मागणी केली नाही तर ते काम मागे पडते. रडल्याशिवाय आई पाजत नाही, ही म्हण इथे तंतोतंत लागू आहे.

जगात काय काय साधले

या पिकात करण्यासारखे काही नाही असे कुणी समजू नये. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशात, काली शहराजवळ पाल्मिरा येथे १९६७ साली उष्ण कटिबंधातल्या शेतीसाठी आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्याला सियात म्हणतात. घेवडा-कुळातल्या सुमारे ३७ हजार नमुन्यांचे बी तिथे थंड खोलीत जतन करून ठेवले आहे. त्यासाठी २०२२ साली नवी इमारतही उभी राहिली. हे बी जगातल्या कुठल्याही पैदासकाराला मागता येते.

या ठेवीचा उपयोग काय, ते तीन उदाहरणांवरून कळेल.

पहिले रोगाचे. मध्य अमेरिकेत पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या सोनेरी मोझॅक नावाच्या विषाणूने घेवड्याचे मळे पिवळे पाडले. १९७० च्या दशकात ग्वाटेमालात हजारो नमुने रोगाच्या तोंडी देऊन तपासले. पूर्ण निरोगी एकही निघाला नाही! पण काही जाती थोडाफार तग धरून होत्या. अशा तग धरणाऱ्यांचाच एकमेकींशी संकर केला, तेव्हा संततीत आईबापांपेक्षा सरस प्रतिकार एकवटला. त्यातून आलेल्या जाती त्या भागात सर्वत्र पसरल्या. एकट्याने न जमणारे काम चौघांची शक्ती एकत्र आणून जमते, हे सहकारातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

दुसरे किडीचे. साठवलेल्या घेवड्याला भुंगा लागतो आणि दाण्याची चाळण होते. मेक्सिकोतल्या रानघेवड्याचे बारीक, खायला निरुपयोगी दाणे तपासले तेव्हा त्यांतल्या काहींना तिकडचा भुंगा लागेना. त्या दाण्यांत आर्सेलिन नावाचे एक प्रथिन असते, ते त्या भुंग्याच्या अळीला मानवत नाही, हे १९८० च्या दशकात उमगले. मग तो गुण रानटी दाण्यातून लागवडीच्या दाण्यात आणण्याचे काम सुरू झाले. बांधावरचे निरुपयोगी झुडूप पुढे कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. कांस गवताने उसाला जे दिले तेच हे.

तिसरे आहाराचे. आफ्रिकेतल्या रवांडा देशात घेवडा हेच रोजचे मुख्य अन्न आहे. तिथे दाण्यात लोह जास्त असलेल्या जाती निवडून २०१० पासून शेतकऱ्यांना दिल्या. नेहमीच्या घेवड्यात किलोमागे पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. या जातींत ते बरेच जास्त. नुसते कागदावर नव्हे, तर रक्तात लोह कमी असलेल्या १९५ तरुण विद्यार्थिनींना १२८ दिवस हा घेवडा जेवणात दिला आणि साध्या घेवड्याशी तुलना केली. रक्तातले लोह आणि हिमोग्लोबिन सुधारलेले आढळले. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे बायाबापड्यांत रक्त कमी असणे ही घरोघरची गोष्ट आहे. गोळ्या आहेतच, पण ताटातल्या उसळीतून थोडे मिळाले तर कुणाला नको आहे?

२०१४ साली घेवड्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचनही प्रसिद्ध झाले. याचा उपयोग साध्या भाषेत असा. पूर्वी झाड रोगाला बळी पडते की नाही हे पाहायला रोग येण्याची वाट बघावी लागे. आता कोवळ्या पानाचा तुकडा तपासून प्रतिकाराचा गुण त्यात उतरला आहे की नाही हे बऱ्याच बाबतींत आधीच सांगता येते. तोडणीआधी शेतातच ब्रिक्स पाहून आपण उसाची पक्वता ताडतो, त्यातलाच हा प्रकार समजा. निवड जलद होते. पण निवड कशासाठी करायची, हे यंत्र सांगत नाही. ते माणसानेच ठरवायचे.

निवड कुणी करायची?

इथेच खरा मुद्दा येतो. पुन्हा रवांडाकडे वळतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या संशोधन केंद्राने एक वेगळी गोष्ट केली. गावोगावच्या जाणत्या शेतकरी स्त्रियांना केंद्रावर बोलावले आणि चाचणीतल्या ओळी त्यांनाच निवडायला लावल्या. घेवडा तिथे बायकाच पिकवतात. त्या वाफ्यावाफ्यांतून फिरल्या. त्यांनी नुसते वजन पाहिले नाही. केळीच्या सावलीखाली हे झाड कसे वागेल, पाऊस जास्त झाला तर शेंग जमिनीला टेकून कुजेल का, कोवळा पाला भाजीला चालेल का, दाणा लवकर शिजेल का, असे त्यांचे हिशेब होते. निवडलेल्या ओळी त्यांनी आपापल्या शेतात नेऊन पेरल्या. त्यांच्या निवडीने घरच्या मिश्रणापेक्षा सरासरी ३८ टक्क्यांपर्यंत अधिक उत्पन्न दिले. पैदासकारांनी स्वतः निवडलेल्या ओळींना तेवढे यश आले नव्हते.

यात शास्त्रज्ञ कमी पडले असा अर्थ कुणी काढू नये. हजारो ओळी तयार करणे शेतकऱ्याला शक्य नव्हते. ते त्यांनीच केले. फरक इतकाच होता की केंद्रावरचा वाफा मोकळ्या उन्हात, खत-पाणी वेळेवर मिळालेला, आणि बाईचे शेत केळीच्या सावलीत. ज्या ठिकाणी पीक घ्यायचे त्या ठिकाणचा माणूस निवडीला पाहिजे.

आता आपल्या शिवारात या. आपल्यापैकी बहुतेकांचा घेवडा स्वतंत्र रानात नसतो, तो पूर्वहंगामी किंवा सुरू उसाच्या सरीत असतो. उसाची पाने सरी झाकण्याआधी, सत्तर-नव्वद दिवसांत तो निघाला पाहिजे. वेल उसावर चढला तर खुरपणीला अडचण, बांधणीला उशीर. म्हणून झाड बुटके, उभे, शेंगा जमिनीपासून वर असलेले पाहिजे. उसाला पाणी द्यायचे म्हणजे सरीत ओल राहणार, तेव्हा मूळकूज सोसणारे पाहिजे. स्वतंत्र पिकाच्या चाचणीत पहिला आलेला वाण उसाच्या सरीत पहिला येईलच असे नाही. उसाच्या सरीत कोणता घेवडा चालतो, हे उसाच्या सरीतच तपासले पाहिजे. आणि ही तपासणी साखर कारखान्याच्या सभासदांखेरीज दुसरे कोण करणार?

दोन गैरसमज

एक गैरसमज असा की घेवडा कडधान्य आहे म्हणजे तो जमिनीला नत्र देणारच. हरभऱ्याच्या मुळाशी गाठी दिसतात, तशाच घेवड्याच्याही असतील असे आपण धरून चालतो. मुळे उपटून बघा. आपल्याकडच्या जमिनीत राजम्याच्या मुळावर गाठी फार कमी धरतात, त्यामुळे त्याला इतर कडधान्यांपेक्षा बरेच जास्त, हेक्टरी ९० ते १२० किलोपर्यंत नत्र देण्याची शिफारस आहे. ते न दिल्यास घेवडा उसाच्याच वाट्याचा नत्र उचलतो. मग ऊस पिवळा पडला की दोष आंतरपिकाला. नत्र अधिक बांधणाऱ्या ओळी शोधणे हेही पैदासकारांपुढचे मोठे काम आहे. आपण ते मागितले पाहिजे.

दुसरा गैरसमज, की सुधारित वाण म्हणजे चव गेली, रंग गेला. ही भीती निराधार नाही. राजम्याचा बाजार दाण्याच्या रंगावर आणि आकारावर चालतो. वाघ्यावरचे पट्टे गेले तर तो वाघ्या राहत नाही, व्यापारी भाव पाडतो. पण यावर उपाय आहे, आणि दूध धंद्यातल्या माणसाला तो लगेच कळेल. गावठी गाईला जर्सी वळू दाखवला की वासरू निम्मे जर्सी. त्या कालवडीला पुन्हा जर्सी, की पाऊण. घेवड्यात हेच करायचे, पण आपल्या जातीच्या दिशेने. रोगप्रतिकारक परक्या जातीशी एकदा संकर करायचा आणि मग संततीतले प्रतिकारक झाड निवडून दर वेळी वाघ्याशीच पुन्हा संकर करायचा. असे पाच वेळा केले की चौसष्टातले सरासरी त्रेसष्ट भाग वाघ्याचे, एक भाग परक्याचा. त्या एका भागात हवा तो प्रतिकार. पट्टे तेच, चव तीच, फक्त करप्याला न झुकणारा. याला प्रतिसंकर म्हणतात.

ब्राझीलमध्ये सरकारी संशोधन संस्थेने सोनेरी मोझॅकला दाद न देणारा घेवडा जनुकीय बदल करून तयार केला आणि त्याला २०११ साली मान्यता मिळाली. त्या तंत्राविषयी मतभेद आहेत, ते इथे नकोत. आपल्या घेवड्याची करपा, तांबेरा, बुटकेपणा, लवकर तयार होणे ही बहुतेक कामे साध्या संकरातून आणि निवडीतून होण्यासारखी आहेत. तेव्हा त्या वादाच्या निकालाची वाट पाहत हात बांधून बसण्याचे कारण नाही.

बी कुणाच्या मालकीचे?

आपल्या बियाण्याची आपण नोंद ठेवली नाही तर काय होते, त्याचेही उदाहरण याच पिकात आहे. अमेरिकेतल्या एका बियाणे व्यावसायिकाने १९९४ साली मेक्सिकोतून घेवड्याची एक पिशवी विकत नेली. त्यातले पिवळे दाणे निवडून काही वर्षे पेरले, त्याला एनोला नाव दिले आणि १९९९ साली त्यावर पेटंट मिळवले. मेक्सिकोचे शेतकरी हा पिवळा घेवडा कित्येक पिढ्या पिकवत होते, अमेरिकेला निर्यातही करत होते. आता त्यांच्याच मालावर पौंडामागे सहा सेंट हक्कशुल्क मागितले जाऊ लागले. निर्यात खालावली.

२००० साली सियातने या पेटंटाला आव्हान दिले. त्यांच्या साठ्यात तसे पिवळे वाण आधीपासून नोंदलेले होते. पुढे जनुकीय तपासणीत दिसले की एनोला म्हणजे मेक्सिकोत तयार झालेल्या अझुफ्रादो पेरुआनो ८७ या वाणासारखाच आहे. तरीही निकाल लागायला वेळ गेला. २००८ साली पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने दावे फेटाळले आणि २००९ साली तिथल्या अपील न्यायालयाने ते कायम केले. दहा वर्षे! हे जिंकले गेले, कारण कुठेतरी बी आणि त्याची नोंद जपलेली होती. सातबारा कोरा असेल तर जमीन आपली म्हणून कितीही ओरडा, कोण ऐकतो?

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. त्याप्रमाणे शेतकरी आपल्या शेतातले बी राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचे बी कंपनीसारखे छापील नाव लावून विकता येत नाही. शेतकऱ्याने जपलेला वाण शेतकऱ्याच्या नावाने नोंदताही येतो. नोंदणी ज्या पहिल्या बारा पिकांपासून सुरू झाली त्यांत राजमा होता. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्या उत्पादकांचे अभिनंदन केले पाहिजे. पण मानांकन नावाला कुंपण घालते, पिकाला रोग आला तर त्याला औषध घालत नाही. नाव राखायचे आणि बीही सुधारायचे, ही दोन्ही कामे बरोबरीने चालली पाहिजेत.

मग कारखान्याने काय करावे?

कुणी म्हणेल, "अहो, हा साखर कारखाना आहे, घेवडा कारखाना नव्हे." रास्त प्रश्न आहे. त्याला उत्तर असे. सभासदाचा ऊस टिकायचा तर सभासद टिकला पाहिजे. लागणीपासून पहिल्या बिलापर्यंत वर्ष-सव्वा वर्ष जाते. त्या काळात घरखर्च, मजुरी, खत यांना आंतरपिकाचा पैसा उपयोगी पडतो. ते आंतरपीक भरवशाचे झाले तर सावकाराकडचा एक फेरा वाचतो. शिवाय बेणे वाढवण्याची शिस्त आपल्याकडे आहेच. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशी त्रिस्तरीय रीत आपण उसासाठी चालवतो. तीच रीत, तेच कर्मचारी, फक्त रान गुंठ्यांत लागेल.

म्हणून संचालक मंडळापुढे आणि सर्व सभासदांपुढे चार सूचना ठेवतो.

पहिली सूचना: प्रत्येक गट कार्यालयाने आपल्या गावांतले घरगुती घेवड्याचे नमुने गोळा करावेत. पाव किलो बी, गावाचे नाव, किती वर्षे घरात आहे, दाण्याचा रंग, किती दिवसांत येतो, एवढी नोंद पुरे. एक भाग कारखान्यात, एक भाग कृषी विद्यापीठाकडे. म्हातारी माणसे गेली की हे बी आणि त्याची माहिती दोन्ही जातात.

दुसरी: कारखान्याच्या प्रक्षेत्रावर उसाच्या सरीतच या नमुन्यांची आणि प्रसिद्ध वाणांची शेजारी शेजारी लावण करावी. दाण्यासाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा वरुण, शेंगेसाठी फुले सुयश, अर्का कोमल, कंटेंडर, आणि बरोबरीने आपला गावठी. घेवड्याचा दाणा आणि उसाचे टनेज, दोन्हींची वजने घ्यावीत. एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीवर झाली तर तो फायदा नव्हे.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: निवडीच्या दिवशी भगिनींना बोलवावे. टोकणी त्या करतात, खुरपणी-तोडणी त्या करतात, शिजवायचेही त्यांनाच. कोणती शेंग खुडायला सोपी, कोणता दाणा लवकर शिजतो, हे त्यांना विचारल्याशिवाय निवड पुरी झाली असे मानू नये. शेतकरी मेळाव्यात त्यांना शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसवण्याचे दिवस संपले पाहिजेत.

चौथी: जी ओळ पसंत पडेल तिचे निरोगी बी वाढवून सभासदांना वाजवी दराने द्यावे, आणि जिथे उणीव दिसेल तिथे विद्यापीठाला ठरावाने कळवावे की आम्हांला असा वाण पाहिजे, चाचणीला रान आणि माणसे आम्ही देतो. एकट्या शेतकऱ्याचे पत्र फायलीत पडते. हजारो सभासदांच्या संस्थेचा ठराव बाजूला ठेवणे तितके सोपे नसते.

तोवर प्रत्येकाने घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. घेवड्याचा मोझॅक आणि करपा बियातूनही पुढच्या वर्षी येतो. पीक उभे असतानाच निरोगी झाडांना चिंधी बांधा, पाने आवळलेली, ठिपके पडलेली झाडे उपटून बाहेर टाका, आणि चिंधीच्या झाडाचेच बी वेगळे मळून ठेवा. सगळे पीक एकत्र मळून त्यातलेच चार पायली पेरायला ठेवायचे, ही सवय सोडा. याला पैसा लागत नाही, फक्त दोन वेळा रानात चक्कर मारावी लागते.

उसाच्या बाबतीत आपण एके काळी मिळेल ते बेणे लावत होतो. कारखाने आले, संघटना झाली, आणि आपण बेणे विचारून घ्यायला शिकलो. घेवड्यातही ते होण्यासारखे आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत हा प्रश्न कुणीतरी उठून विचारावा. कुणी विचारला नाही तर मी विचारणार आहे. अनुमोदनाला चार हात वर आले तरी पुरे.

एक ऊस उत्पादक सभासद